वरच्या बाईंवरचा दावा

८ जानेवारी

वकिलांनी सांगितलं, भाडेकरूच्या वागण्याची नोंद ठेवत चला, उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर उपयोगी पडते. म्हणून ही डायरी. एरवी मला लिहिण्याबिहिण्याची हौस नाही. नोकरीत अहवाल लिहिले तेवढे पुरे. वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. मी गल्लीत शिरलो की दुकानदार घाईघाईने तराजू पुसायला घ्यायचे.

घर दुमजली. खाली मी, वर शिवणाच्या बाई. त्या नवं काही शिवत नाहीत, जुनं ठीकठाक करतात. कोणाची पँट आखूड करायची, कोणाचा कोट कमरेत घ्यायचा, कोणाची चेन बदलायची. एकट्याच असतात. आमची ही होती तेव्हापासून आहेत. ही जाऊन दुसरं वर्ष चाललंय, पण भाडं अजून हिनेच ठरवलेलं. हिला व्यवहार कधी जमला नाही.

लेक दूरच्या शहरात असते, रविवारी फोन करते. मागे म्हणाली, "बाबा, त्या भावात आज कोणी मोटार उभी करायलाही जागा देणार नाही." मुद्दा बिनतोड होता. रीतसर नोटीस दिली, भाडं दीडपट. बाई अजून ताकास तूर लागू देत नाहीत.

आजची नोंद: मशीन सकाळी सुरू. दुपारी बंद. मग नळ. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज. मग रेडिओ, पण इतका बारीक की गाणं ओळखू येईना. इतका बारीक लावायचा तर लावायचाच कशाला?

११ जानेवारी

मशीन सकाळपासून गप्प. मी काही कान लावून बसत नाही, पण रोजचा आवाज नसला की लक्ष जातं. दुपारी जिन्यातला दिवा तपासायला वर गेलो. दिवा ठीक होता. दार उघडंच होतं. बाई इस्त्री करत होत्या. मशीनचा पट्टा तुटला होता, दुसरा आणायला माणूस गेला होता.

"साहेब, बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "तुमची नोटीस मिळाली. एकदम एवढं नाही हो झेपणार मला. दरवर्षी थोडं थोडं वाढवा, मी नाही म्हणणार नाही."

मी म्हणालो, "जे काही असेल ते लेखी कळवा."

"खाली-वर राहतो आपण. लेखी काय कळवायचं?"

"लेखीला पुरावा असतो."

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चहा टाकू का?" मी नको म्हणालो. ज्याच्यावर नोटीस बजावली त्याच्याकडे चहा घेणं बरं दिसत नाही. खाली आल्यावर स्वतःचा करून घेतला. साखर संपली होती.

१२ जानेवारी

एक गोष्ट नोंदवायची राहिली. ही गेली त्यानंतर बाई रोज संध्याकाळी खाली यायच्या. कधी सूप आणायच्या, कधी नुसत्याच पाच मिनिटं बसायच्या. एकदा मी म्हणालो, "रोज यायची गरज नाही, माझं मी बघतो." दुसऱ्या दिवसापासून येणं बंद, महिन्याच्या भाड्याचं पाकीट द्यायचं तेवढं सोडून. ते आजतागायत. साधं बोलायची पद्धत असते माणसाची, ती इतकी शब्दशः धरायची? यावरून स्वभाव कळतो.

२७ जानेवारी

आज उत्तर आलं. भाडेकरू संघाची एक तरुण वकील मुलगी आहे, तिच्या सहीने. भाषा चांगली आहे. "माझ्या अशिलास ही वाढ अमान्य आहे." मी ते तीनदा वाचलं. गेल्या वर्षभरात टपालाने आलेली ही पहिली गोष्ट जी बिल नव्हती.

वकिलांना फोन केला. म्हणाले, मग आता दावाच. मी म्हणालो, तर तर, तत्त्वाचा प्रश्न आहे.

१९ फेब्रुवारी

पहिली तारीख.

हिने घेतलेला राखाडी कोट काढला. कपाटात राहून त्याला वास लागला होता, काल दिवसभर खिडकीत टांगला. बूट पॉलिश केले. इतक्या लवकर तयार झालो की बसायला वेळ उरला.

कोर्टाकडे एकाच नंबरची बस जाते. थांब्यावर पोचलो तर बाई उभ्या. आता वादी आणि प्रतिवादी एकाच थांब्यावर, बोलायचं की नाही हा प्रश्न. त्यांनीच "बस वेळेवर असते का हो?" असं विचारून सोडवला. बस भरून आली. एकच जागा होती, मी त्यांना दिली. पुढच्या थांब्यावर शेजारची जागा रिकामी झाली तेव्हा त्यांनी तिथे पिशवी ठेवली आणि मला हाक मारली. नाही म्हणणं वाईट दिसलं असतं.

कोर्टात आमचा पुकारा व्हायला दुपार झाली. पाच मिनिटांत पुढची तारीख मिळाली. तोवर वऱ्हांड्यातल्या लांब बाकावर बसून होतो. माझे वकील दुसऱ्या खोलीत, त्यांची वकील मुलगी तिसऱ्या. बाईंचं लक्ष माझ्या कोटाकडे गेलं.

"साहेब, बटण लोंबतंय."

"असू दे."

"असू दे काय, पडेल कुठेतरी. इकडे करा."

पिशवीतून सुई-दोरा काढून त्यांनी तिथेच, अंगावरच्या कोटाला बटण लावलं. दोरा दातांनी तोडला. समोरून माझे वकील आले आणि पाहतच राहिले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, विरुद्ध पक्षाशी असं नको." मी म्हणालो, बाई धूर्त आहे, मी सावध आहे.

परतीला बस रिकामी होती. तरी शेजारीच बसलो, बोलणं अर्धवट राहिलं होतं.

२३ फेब्रुवारी

लेकीचा फोन. तारखेचं सगळं सविस्तर सांगायला घेतलं. ती म्हणाली, "बाबा, थोडक्यात सांगा, मुलाला पोहायला सोडायचंय." थोडक्यात सांगितलं. पुढची तारीख पडली एवढंच.

१८ मार्च

दुसरी तारीख. डबा दोघांना पुरेल असा घेतला होता, अंड्याचे सँडविच. एकट्यापुरतं करायला गेलं की पाव उरून शिळा होतो, म्हणून.

वऱ्हांड्यात वेळ जावा म्हणून त्यांना नोकरीतले किस्से सांगितले. तो कोळसेवाला, जो तराजूच्या पारड्याखाली लोहचुंबक लावायचा. मी वजन उचलायला गेलो तर पारडंच हातात आलं. बाई इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतला शिपाई बाहेर येऊन गप्प बसा म्हणाला. हा किस्सा हिलाही सांगितला होता मी, अनेकदा. ती शेवटी शेवटी हसत नसे.

पुकाऱ्याआधी मी वकिलांच्या कानात सांगितलं, आज रक्तदाब वर वाटतोय, तारीख घ्या. त्यांनी घेतली. तसा रक्तदाब ठीकच होता, पण अशा गोष्टी घाईने उरकू नयेत.

बसच्या थांब्यावर बाई म्हणाल्या, "एका तारखेला माझं एक दिवसाचं काम बुडतं, साहेब. गिऱ्हाईक थांबत नाही, दुसरीकडे जातं."

कोर्टात ही सबब चालत नाही. कोर्टाला सगळ्यांचाच वेळ सारखा. सँडविच मात्र त्यांनी वाटणीचे दोन्ही खाल्ले.

२ एप्रिल

आज जिन्यात गाठ पडली. मी सहज विचारलं, आमची ही रोज संध्याकाळी तुमच्याकडे वर येऊन बसायची, काय बोलायचात एवढं? दार लावून घ्यायची, म्हणून विचारलं.

"बोलायचो कुठे? ताई गप्प बसायला यायच्या."

"गप्प बसायला?"

"मी मशीन चालवायची, त्या खिडकीत बसायच्या. एकदा म्हणाल्या, खाली फार मोजून बोलावं लागतं, इथे बरं वाटतं."

बरं वाटलं ऐकून. मोजून बोलायची सवय तिला मीच लावली. लग्न होऊन आली तेव्हा फार बडबडी होती.

पण गप्पच बसायचं तर खाली काय झालं होतं? माझ्या खुर्चीसमोर तिची खुर्ची होती. अजून आहे.

२२ एप्रिल

तिसरी तारीख. कॅन्टीनमध्ये चहा. आता तिथला माणूस आम्हाला ओळखतो, न विचारता दोन कप ठेवतो. त्याला वाटतं आम्ही नवरा-बायको आहोत आणि कोणा तिसऱ्यावर दावा लावलाय. "तुमची केस भक्कम आहे, काळजी करू नका," म्हणाला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, पण त्याला खरं सांगायचं दोघांनीही टाळलं.

त्यांचे डोळे लाल दिसत होते. विचारलं तर म्हणाल्या, काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याचं काम आलंय.

२० मे

आज सगळंच विचित्र झालं.

न्यायाधीश बाईंना म्हणाले, मधला काही आकडा काढता येतो का पाहा. त्यांची वकील मुलगी बोलायला उठली, तेवढ्यात बाईच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला पूर्ण वाढ मान्य आहे. फक्त नोटिशीपासूनची थकबाकी हप्त्याने द्यायची मुभा द्या." वकील मुलगी त्यांचा पदर ओढत होती. त्या बसल्या नाहीत.

न्यायाधीशांनी मला विचारलं, हप्ते मान्य आहेत का. मी अजून बाईंकडेच पाहत होतो. माझे वकील हो म्हणाले. संपलं. बाहेर येऊन त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. "अभिनंदन, साहेब. असा निकाल शंभरात एकाला मिळतो."

जिन्यात एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. जिंकलेल्या माणसाला असं वाटायला नको.

परतीच्या बसमध्ये बाईंना विचारलं, एवढं ताणून धरलंत आणि एकदम कशा तयार झालात? म्हणाल्या, "तारखांनी मी भाड्याहून जास्त बुडत होते. आणि दर वेळी आदल्या दिवशी घातलेली शिवण उसवून परत घालावी लागायची. आता सुटले." मग खिडकीला डोकं टेकवून झोपल्या. थांबा आल्यावर मीच उठवलं.

१५ जून

नोंदवण्यासारखं काही नाही. भाडं बँकेत जमा झालं, पूर्ण, वेळेवर. आधी त्या पाकीट घेऊन खाली यायच्या, आता तेही नाही.

मशीन सकाळी लवकर सुरू होतं आणि संध्याकाळी उशिरापर्यंत चालतं. मधे थांबत नाही. रेडिओ बंद आहे. एकदा वाटलं, वर जाऊन सांगावं, जरा विश्रांती घेत चला. पण काय नात्याने सांगणार? भाडं वाढवलेल्या मालकाने?

४ जुलै

लेकीने या रविवारी फोन केला नाही. बाहेर गेले असतील. दोन्ही खुर्च्या खिडकीकडे तोंड करून ठेवल्या. मग एक परत वळवली. दिवस फार लांबलेत.

कॅन्टीनचा चहा तसा पाणचटच होता. पण कपाला कान होता आणि बशी स्वच्छ असायची.

९ जुलै

वकिलांकडे जाऊन आलो. विचारलं, भाड्याचं मिटलं, पण दुसरं काही कारण निघतं का? ते म्हणाले, कशासाठी? मी म्हणालो, समजा, जागेची मलाच गरज आहे.

"आहे का?"

"वर उजेड चांगला आहे. लेक-जावई आले तर त्यांना वेगळी खोली नको?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "साहेब, भाडं वेळेवर येतंय. वाढीव येतंय. बाई सरळ आहेत. असा भाडेकरू सोनं आहे."

मी म्हणालो, तुम्ही माझे वकील आहात की त्यांचे? मग लिहायला लागले. मालकाच्या स्वतःच्या गरजेचं कारण कायद्यात धरलं जातं. पण वेळ लागतो, असं त्यांनी बजावलं. दोन-तीन वर्षंही जातात, म्हणाले. मी म्हणालो, लागू द्या. मला घाई नाही.

खरंच नाही.

१२ जुलै

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आम्ही कुठे येऊन राहणार आहोत तिथे? भाडं वाढलं ना, मग बास की. त्या बाईंना कशाला उठवता?"

"उठवतोय कोण? नुसता दावा आहे."

"नुसता दावा म्हणजे काय?"

तिला या गोष्टींतलं काही कळत नाही. आईवर गेली आहे.

६ ऑगस्ट

नव्या दाव्याची पहिली तारीख. कोट, बूट, डबा. सँडविचमध्ये या वेळी टोमॅटोही घातला.

थांब्यावर बाई नव्हत्या. एक बस सोडली, वाटलं उशीर झाला असेल. दुसरी बस आली तरी आल्या नाहीत, म्हणून चढलो. शेजारच्या जागेवर मी कोट ठेवला होता, एक माणूस येऊन म्हणाला, कोट उचला. उचलला.

कोर्टात पोचलो तर त्या आधीच आलेल्या. वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाला वकील मुलीबरोबर उभ्या. मी बाकावर बसलो, पलीकडे जागा ठेवून. त्या आल्या नाहीत. पुकारा लांबला तेव्हा मीच डबा घेऊन गेलो.

"भूक नाही, साहेब."

"टोमॅटो घातलाय."

"नको."

त्यांचा चेहरा अगदी उतरला होता. वकील मुलीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी खोटं वजन वापरताना सापडलेला दुकानदार असावा. मी डबा बंद केला. बस थांब्यावर तो उघडून एकट्याने खाल्ला. ब्रेडचा लगदा झाला होता टोमॅटोने.

२६ ऑगस्ट

वकिलांचा फोन. "पेढे कधी?" म्हणाले. बाई लढणार नाहीत. महिनाअखेर जागा सोडते असं त्यांनी लिहून दिलं.

मी म्हणालो, "असं कसं? त्यांची बाजू भक्कम आहे. इतकी वर्षं राहतात, भाडं वेळेवर देतात. माझी गरज काय, ते त्यांनी विचारायला हवं होतं. मला उलटतपासणीत धरायला हवं होतं. ती वकील मुलगी करते काय?"

वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, तुम्हाला बरं नाही का?"

बरं आहे. पण चुकीचा निकाल लागतोय असं ढळढळीत दिसत असताना माणसाने गप्प कसं बसायचं?

२७ ऑगस्ट

वर गेलो. दार लोटलेलं होतं. खोलीभर खोकी. गिऱ्हाइकांचे कपडे गठ्ठ्यांत बांधलेले, प्रत्येकावर चिठ्ठी टाचलेली. बाई जमिनीवर बसून दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे डब्यात लावत होत्या.

विचारलं, कुठे चाललात? म्हणाल्या, बाजारामागे एक कपडे धुवायचं दुकान आहे, त्याच्या पाठीमागची खोली मिळाली. मालकीण बाईच आहे. मशीन बसतं. खिडकी नाही.

"खिडकी नाही तर तुमचे डोळे—"

"दिवा लावेन."

मग म्हणालो, "जाऊ नका. दावा मागे घेतो."

"आज मागे घ्याल, साहेब. पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही नाही. लेखी देतो. वकिलासमोर सही करतो."

त्यांनी हातातलं रीळ डब्यात ठेवलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

"मला कळत नव्हतं असं नाही. बसमध्ये तुम्ही किती बोलायचात. दुसऱ्या तारखेला रक्तदाब नव्हता वाढला, तेही कळलं होतं. मी म्हटलं, असू दे, एकटा माणूस आहे. म्हणून पूर्ण वाढ कबूल केली, की बाबा आता संपेल, मग येईन आपली खाली बसायला दोन मिनिटं. काम थोडं आवरलं की येणारच होते. तर तुमचा दुसरा दावा आला."

मी म्हणालो, "मला खोली नको होती."

"माहीत आहे. तुम्हाला भांडायला कोणीतरी हवं होतं. मला झोपायला जागा हवी होती. पहिल्या नोटिशीपासून मी एक रात्र धड झोपले नाही, साहेब. डोक्यावरचं छप्पर जाणार म्हणून झोप नाही, आणि तुम्ही डब्यात टोमॅटो घालून आणता."

मी खाली आलो.

दिवसभर विचार करतोय. मला झोप लागते की नाही, हे कोणी विचारलं का? पण ते मी त्यांना बोललो नाही. आता लिहितानाही ते वाक्य तितकंसं भक्कम वाटत नाही.

३१ ऑगस्ट

बाई गेल्या.

टेम्पोवाला आणि त्याचा भाऊ सामान उतरवत होते. मशीनचं टेबल जिन्याच्या वळणावर अडलं. तिथे कोणाला तरी खालून धरायला हवं होतं, म्हणून मी धरलं. खाली बिडाचा सांगाडा, जड आहे. बाई वरून म्हणाल्या, "सांभाळून, साहेब, पाठीला लागेल." मी म्हणालो, लागत नाही. लागलं.

खोली झाडून-पुसून दिली. नळाचा वायसर बदललेला, दाराच्या कडीला तेल घातलेलं. किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. मी म्हणालो, थकबाकीचे हप्ते राहू द्या. त्या म्हणाल्या, "नको, देईन मी. लेखी आहे ते."

टेम्पोत पुढे बसल्या, मशीन मागे. हात केला नाही. मान मात्र हलवली. मी फाटक उघडं धरून उभा होतो. टेम्पो गेल्यावर फाटक लावायचं असतं, हे थोड्या वेळाने लक्षात आलं.

१९ सप्टेंबर

वकिलांनी कळवलं की स्वतःच्या गरजेसाठी घेतलेली जागा मी ठराविक मुदतीत वापरात आणली पाहिजे, नाहीतर भाडेकरूला ती परत मागता येते. मी विचारलं, मागतील का? म्हणाले, त्या कसल्या मागतात. तरी नियम तो नियम.

शेजारच्या गवंड्याला बोलावून पलंग वर चढवला. आता वर झोपतो, खाली स्वयंपाक करतो. जिन्याची चढ-उतर गुडघ्यांना जाणवते. उजेड खरंच चांगला आहे. खिडकीत बसलं की समोरच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसतात, बाकी काही नाही. ही इथे संध्याकाळभर काय बघत असेल?

लेकीला म्हणालो, वरची खोली तयार आहे, या राहायला. ती म्हणाली, बघू सुट्टीत.

११ ऑक्टोबर

बाजारात गेलो होतो. धुलाईच्या दुकानासमोरून दोनदा गेलो. आतून मशीनचा आवाज येत होता. काउंटरवर एक जाडजूड बाई होती, तिने विचारलं, "काय टाकायचंय?" मी म्हणालो, काही नाही, पत्ता चुकलो. मागच्या खोलीतून कोणीतरी हसलं, तीही हसली, आणि आत बघून म्हणाली, "अगं, दिवा लाव, डोळे फोडून घेशील." आतून दिवा लागला.

म्हणजे सांगणारं कोणीतरी आहे. चांगलं आहे.

घरी येऊन इकडचं तिकडचं पाहिलं. नोंदवण्यासारखं काही नव्हतं.

१८ नोव्हेंबर

आज कोर्टात गेलो होतो. तारीख नव्हती.

सकाळी उठलो, कोट घातला आणि निघालो, एवढंच. बसमध्ये गर्दी नव्हती. वऱ्हांड्यातल्या बाकावर जाऊन बसलो. शिपाई ओळखीचा, म्हणाला, "आज तुमचं आहे का?" मी मान हलवली. कशी हलवली ते त्याने पाहिलं नाही.

कॅन्टीनच्या माणसाने दोन कप ठेवले. मग शेजारी कोणी नाही असं पाहून एक उचलायला लागला. मी म्हणालो, राहू द्या. "मिटलं का तुमचं?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. "कोण जिंकलं?" म्हणाला. मी पैसे काढून दिले.

परत बाकावर आलो तर एक तरुण बाई येऊन बसलेली. खांद्यावर लहान मूल झोपलेलं, मांडीवर कागदांची पिशवी. ती पिशवीत काहीतरी शोधत होती, कागद बाहेर येत होते आणि पडत होते. मी उचलून दिले. वरचा कागद नोटीस होती, तसलीच. मी तिला सांगितलं, पहिल्या दिवशी काही होत नाही, नुसतं नाव पुकारतात, घाबरू नका. उभं राहा, विचारतील तेवढंच सांगा, झेपत नसेल तर झेपत नाही म्हणून सांगा. भाडेकरू संघाची एक वकील मुलगी आहे, तिसऱ्या खोलीत बसते, तिला गाठा. चांगली आहे.

तिने ऐकून घेतलं. कागद पिशवीत नीट भरले. मूल दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि माझ्या कोटाकडे, बुटांकडे पाहून विचारलं, "काका, तुमचंही घर जातंय का?"

मी म्हणालो, "गेलं."

असं का म्हणालो ते सांगता येत नाही. घर माझ्या नावावर आहे, निकालाची प्रत कपाटात आहे. पण ती "अरेरे" म्हणाली आणि मला नीट टेकता यावं म्हणून बाकावर थोडी सरकली. मग तिची समजूत दुरुस्त करणं जमलं नाही. तिचं नाव पुकारेपर्यंत तिथेच बसून होतो.